ट्रुडाच्या कुलपातली माती

दुकानाच्या खोलीत पुन्हा टक् झालं.

ट्रुडा फोर्मेला स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसली होती. तिने सुरी थांबवली आणि कान दिला. उंदीर असता तर खुडबुड झाली असती. माणूस असतं तर फळी करकरली असती. हे नुसतंच टक्, कुणी काचेवर नखाने टिचकी मारावी तसं. ती उठली, पायातले लाकडी जोडे दाराशी काढले आणि मोज्यांवरच आवाज न करता खोलीत शिरली.

खोलीत कुणी नव्हतं. बुधवारी भट्टीतून काढलेली भांडी फळ्यांवर ओळीने मांडलेली होती: ताकाचे जग, सूपाचे वाडगे, भिंतीवर लावायच्या थाळ्या. मधल्या फळीवरच्या एका जगाच्या पोटावरून नखाएवढा टवका उडून खाली पडला होता. तोही नेमका रंगवलेल्या लायलॅकच्या फुलांच्या तुऱ्यावरून. जांभळ्या ठिपक्यांच्या मधोमध भाजलेल्या मातीचा लाल खड्डा, जणू देवीचा व्रण.

ट्रुडाने आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे. मग तो जग पदरासारख्या आपल्या लांब एप्रनखाली घेतला आणि जिन्याखालच्या पिठाच्या पिंपामागे नेऊन ठेवला. तिथे आधीचे दोन होतेच.

तो शनिवार होता. सोमवारी ब्रुनो ग्दिनियाच्या गोदीतल्या मुकादमाला उत्तर देणार होता. ब्रुनो तिचा एकुलता एक मुलगा, स्ट्रुगा गावातल्या फोर्मेला घराण्याचा पाचव्या पिढीचा कुंभार. ऑगस्टमधल्या भट्टीतली अर्धी भांडी महिनाभरात अशीच टवके उडून वाया गेली. सप्टेंबरअखेर मायकेलमासच्या सणाला लावलेल्या भट्टीतलीही तशीच. कार्तुझीच्या दुकानदाराने पेट्याच्या पेट्या परत पाठवल्या, वर चिठ्ठी लिहिली, 'गिऱ्हाईक सूप पिता पिता रंग गिळतं.' तेव्हा ब्रुनो जेवणाच्या टेबलावर आईला म्हणाला होता, "अजून एक भट्टी लावतो, मेमका. ही पण अशी निघाली तर चाकाला फडकं बांधायचं आणि मी वेल्डिंगला जायचं. लोखंडाला टवके जात नाहीत."

तो थट्टा करत नव्हता. तो थट्टा करतो तेव्हा त्याचा डावा कान हलतो. तेव्हा हलला नव्हता. आणि बुधवारी निघाली ती हीच शेवटची भट्टी.

आता भांडी कशामुळे फुटतात याबद्दल ट्रुडाच्या मनात शंका उरली नव्हती. तिला फक्त पुरावा हवा होता. टवका उडतो तो चकाकीचा, भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाचा. आणि गेल्या वर्षापासून चकाकीचं मिश्रण तिची सून झिता करत होती.

झिता परमुलखातली, पार दक्षिणेकडून सायलेशियातून आलेली. तिकडे तिचे दोन काका मोठ्या कारखान्यात कामाला होते. निळ्या ठशांची भांडी, हजारोंनी, एकासारखं एक. लग्न ठरलं तेव्हाच ट्रुडाने नवऱ्याला विचारलं होतं, "त्यांना आपल्याकडे काय कमी दिसलं, की पोरगी इतक्या लांब पाठवतायत?" ऑगुस्टिन तपकीर ओढत म्हणाला होता, "पोरगी पाठवली नाही, ट्रुडा. पोरगी आली. आपल्या ब्रुनोकडे बघून."

"आपल्या ब्रुनोकडे बघून कुणी एवढा प्रवास करतं?"

यावर तो इतका हसला की तपकिरीची शिंक अडली.

संशय हा ट्रुडाला माहेरून मिळालेला नव्हता. माहेर समुद्राकाठी, कोळ्यांचं. तिथे जाळी उघड्यावर वाळत आणि दाराला कडीसुद्धा नसे. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती स्ट्रुगाला आली आणि सासूच्या, रोझालियाच्या, हाताखाली पडली. रोझालिया चकाकीच्या कपाटाची किल्ली चोळीत ठेवायची. मिश्रण करायची वेळ आली की म्हणायची, "ट्रुडा, बदकं उपाशी आहेत." बदकं नुकतीच खाऊन पेंगत असली तरी. अकरा वर्षं ट्रुडाने धष्टपुष्ट बदकांना जबरदस्तीने खायला घातलं. शेवटी मरणाच्या पलंगावरून म्हातारीने तिला जवळ ओढून कानात चकाकीचं प्रमाण सांगितलं. ट्रुडा रडत रडत बाहेर आली आणि नवऱ्याला म्हणाली, "मला मिळालं." ऑगुस्टिनने डोकं खाजवलं. "तीन गावांतले सगळे कुंभार तेच वापरतात ग. आईला सांगायची हिंमत कुणी केली नाही, एवढंच."

पण शिंग मात्र ट्रुडाने स्वतःच्या कष्टाने कमावलं. गाईचं पोकळ शिंग, टोकाला बदकाच्या पिसाची नळी, आत पातळ रंगीत माती. शिंग तिरकं केलं की धार लागते, सरळ केलं की थांबते. मधे विचार करायला सवड नसते. माशाचे खवले, ट्यूलिप, चांदणी, लायलॅक. चाळीस वर्षं स्ट्रुगाच्या जगांवर तिचा हात फिरला. लोक भांडं उलटं करून शिक्का बघत नसत, लायलॅकचा तुरा बघत आणि म्हणत, "हे ट्रुडाचं." मग हात कापायला लागला. डॉक्टर म्हणाले वय. ती म्हणाली हवा. शेवटी शिंग झिताच्या हातात गेलं, शिंगामागून चकाकीचं कपाटही गेलं.

आणि गेल्या वर्षी नोव्हेंबरात, सेंट मार्टिनच्या आठवड्यात, ऑगुस्टिन गेला. सणाचं बदक भाजलं जायच्या आधीच गेला. घरात रिवाजाप्रमाणे घड्याळ थांबवलं, ब्रुनोने गोठ्यात जाऊन गाईंना सांगितलं की धनी गेले, मधमाश्यांच्या पेट्यांवर टिचकी मारून त्यांनाही सांगितलं.

ऑगुस्टिन मागे एक गोष्ट ठेवून गेला. मातीचा ढीग. दरवर्षी बटाटे निघाले की तो तळ्यापलीकडच्या खाणीतून माती काढायचा आणि अंगणात उघड्यावर रचायचा. मातीच्या कामाला त्याच्याखेरीज कुणी हात लावत नसे. ब्रुनोला ती चाकावर चढेल अशी मळलेलीच हातात मिळायची आणि ट्रुडाला भांडं होऊन. त्या शेवटच्या ढिगाकडे ट्रुडा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत बसे. आणि बघता बघता तिच्या लक्षात आलं की ढीग कमी होतोय.

त्या साली थंडी लांबली होती, नुसता पाऊस पडत होता. ट्रुडाने एक काठी घेतली, तिला ढिगाच्या उंचीशी लाल लोकर बांधली आणि शेजारी रोवली. आठ दिवसांनी ढीग लोकरीच्या चार बोटं खाली होता. कुणीतरी माती चोरत होतं. शेजारचा क्लेमेन्स? त्याच्या अंगणात नवा चुलीचा ओटा दिसत होता. की घरातलंच कुणी, जे दर महिन्याला माहेरी जाताना जड पेटी नेतं?

"पेटीत मुरंबे असतात, मेमका," ब्रुनो म्हणाला होता.

"इतके जड?"

"स्ट्रॉबेरीचे. तूच करून देतेस!"

तिने ऐकलं नाही. नाताळच्या आधी तिने ब्रुनोकडून तो सगळा ढीग मागच्या कोठीत हलवून घेतला. "मातीला थंडी लागायला हवी ना?" तो कुरकुरला होता. "कोठीत काय मी शेगडी पेटवून ठेवलीय?" ती म्हणाली. नवरा जाऊन महिना झालेल्या आईशी कोण वाद घालणार? कोठीला कुलूप लागलं, किल्ली ट्रुडाच्या गळ्यात मदर मेरीच्या पदकाशेजारी गेली. अंगणात आधीच्या सालची माती उरली होती, ती उन्हाळ्यापर्यंत पुरली. मग दर सोमवारी ट्रुडा कोठी उघडायची, स्वतः दारात उभी राही आणि ब्रुनो आतल्या अंधारातून ढकलगाडी भरून आणी. ती आत जात नसे. त्या मातीला ऑगुस्टिनचा वास होता.

शनिवार गेला. झिताने काय काय केलं ते ट्रुडाने दिवसभर पाहिलं. फळ्यांपाशी जाऊन फोनवर फोटो काढले. पडलेला एक टवका चिमटीत धरून उजेडात पाहिला आणि आगपेटीत घालून खिशात टाकला. मग मागच्या अंगणात जाऊन बराच वेळ कुणाशी तरी बोलली. ट्रुडा लगेच चादरी वाळत घालायला गेली. धुतलेल्या नव्हत्या, तरी घातल्या.

"हो काका... नाही, अजून नाही सांगितलं... सासूबाईंना तर मुळीच नाही," एवढंच तिला ऐकू आलं. एवढं पुरेसं होतं.

रविवारी प्रार्थना आटोपून सगळे परतले. ब्रुनो वाटेत क्लेमेन्सशी गप्पा मारायला थांबला. ट्रुडा मुद्दाम दफनभूमीच्या फाटकाशी रेंगाळली, झिताला पुढे जाऊ दिलं, आणि मग मागच्या दाराने घरात शिरली.

झिता कामाच्या खोलीत उभी होती, डोक्याचा रुमालही अजून सोडला नव्हता. समोर बशीत चाकावर चढायच्या मातीचा गोळा. हातात हेरिंग मुरवायच्या व्हिनेगरची बाटली. ती मातीवर व्हिनेगर ओतत होती.

"सापडलीस," ट्रुडा म्हणाली.

झिता दचकली, बाटली हिंदकळली.

"मला वाटलंच होतं. चकाकीत काहीतरी घालतेस असं वाटत होतं, तू तर थेट मातीलाच हात घातलास. काकांनी शिकवलं? आमची भट्टी बंद पडली की त्यांची ठशांची भांडी इथे विकायची?"

"मेमका, माझे काका वर्षाला लाखभर भांडी काढतात. तुमचे दोनशे जग बंद पाडायला ते मला इथे ठेवतील?"

"मग हे काय आहे?"

झिताने बशी तिच्यासमोर सरकवली. "ऐका."

"बघायला सांगतेस की ऐकायला?"

"ऐका म्हणते ना. तुमचे कान तर चांगले आहेत. काल चादरींच्या पलीकडून सगळं ऐकलंत."

ट्रुडाचे गाल तापले. तिने कान बशीशी नेला. माती फसफसत होती. अगदी बारीक, ताज्या ताकावर फेस बसताना होतो तसा आवाज.

"चुनखडी," झिता म्हणाली. "मातीत चुन्याचे दाणे आहेत. भट्टीत ते भाजतात, मग हवेतला ओलावा पिऊन फुगतात आणि वरचा टवका उडवून देतात. चकाकीचा दोष नाही."

"आमच्या खाणीत चुनखडी? ऑगुस्टिनच्या उभ्या हयातीत एक भांडं फुटलं नाही!"

"खाणीत नेहमीच असणार. तातांच्या हातून ती निघून जायची." झिता थांबली. पुढचं बोलू की नको, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं आणि ट्रुडाला ते अधिकच संशयास्पद वाटलं.

"बोल. अर्धवट सोडू नकोस."

"काका म्हणतात, ढेकळं हिवाळाभर उघड्यावर हवीत. आत पाणी गोठतं, ढेकूळ आतून फुटतं, परत गोठतं, परत फुटतं. वसंतात त्याचा नुसता भुगा होतो. पाण्यात टाकला की विरघळतो आणि चुन्याचे खडे चाळणीवर राहतात. आत्ताची ढेकळं विरघळतच नाहीत. ब्रुनो वैतागून ती भरडायच्या रुळांतून काढतो. खडे मातीतच भरडले जातात."

"कोठी थंड आहे," ट्रुडा म्हणाली.

झिताने व्हिनेगरच्या बाटलीला बूच लावलं.

"आणि ढीग कमी होत होता. मी काठी रोवली होती. चार बोटं!"

"ढीग बसतो, मेमका. पाऊस प्यायला, भिजला की बसतो. बसायलाच हवा." ती हळूच म्हणाली, "चोरी नव्हती ती. मुरायला लागला होता."

ट्रुडा तिथून निघाली ती सरळ मागच्या कोठीकडे. गळ्यातली किल्ली ओढून तिने कुलूप काढलं. आज वर्षभरात पहिल्यांदा ती आत गेली. खिडकी नव्हती. दार सताड उघडं टाकून तिने उजेड आत घेतला आणि मागच्या भिंतीला हात लावला.

भिंत कोमट होती. पलीकडे भट्टी. बुधवारी रिकामी केलेली भट्टी रविवारीही पूर्ण निवलेली नव्हती. चाळीस वर्षं ह्या घरात राहून, ह्या भिंतीला टेकून कांदे वाळवून, तिला हे आठवलं नव्हतं. की आठवून घ्यायचं नव्हतं?

तिने वाकून एक ढेकूळ उचललं आणि दाराशी आणलं. त्याची एक बाजू सपाट होती, चाकूने लोणी कापावं तशी, तुळतुळीत. फावड्याच्या पात्याला डाव्या कोपऱ्यावर खाच होती, तिची रेघसुद्धा उठलेली होती. ऑगुस्टिनचं फावडं. त्याने पाय देऊन कापलेला तो घाव तसाच्या तसा होता. एका हिवाळ्यात तो पुसला जायला हवा होता. त्यासाठीच तर माती बाहेर ठेवायची. तिने तो कुलपात जपून ठेवला होता.

तिने ते ढेकूळ उंबऱ्यावर आपटलं. आतून वाटाण्याएवढा पांढरा खडा घरंगळला.

झिता मागे येऊन उभी राहिली होती.

"तुला कधीपासून माहीत आहे?" ट्रुडाने वळून न बघता विचारलं.

"चुन्याचं मायकेलमासपासून. काकांना टवके पाठवले होते. भिंतीचं नंतर लक्षात आलं."

"मग सांगितलं का नाहीस? भट्टी लावलीत, लाकडं जाळलीत. माणूस गोदीत निघालाय!"

"ब्रुनोला सांगितलं असतं तर त्याने पहिलं विचारलं असतं, माती कोठीत कुणी ठेवली. मी दोष तुमच्या अंगावर घातला असं झालं असतं. म्हटलं, कदाचित या भट्टीत कमी फुटतील." झिताने नाक पुसलं. "आणि तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही विश्वास ठेवला असतात?"

ट्रुडाने विचार केला. खरंच केला.

"नाही," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय. पण सांगायचं होतंस. मी चार दिवस शिव्या दिल्या असत्या आणि पाचव्या दिवशी गुपचूप भिंतीला हात लावून पाहिला असता."

जेवायला हेरिंग, उकडलेले बटाटे आणि कोबीचं सूप होतं. ब्रुनोने पहिला चमचा तोंडात घातला तेवढ्यात दुकानाच्या खोलीत टक् झालं. तो चमचा तसाच धरून बसला.

"झालं," तो म्हणाला. "ही पण गेली."

"ही तर बुधवारपासूनच जातेय," ट्रुडा म्हणाली. "पिठाच्या पिंपामागे तीन जग आहेत. मी लपवले."

ब्रुनोने आधी आईकडे, मग बायकोकडे पाहिलं. झिता बटाट्याची साल काढण्यात गढली होती, सोललेल्या बटाट्याची.

ट्रुडाने सांगून टाकलं. काठी, लोकर, क्लेमेन्सचा ओटा, मुरंब्याची पेटी, कुलूप, कोमट भिंत. मधे ती एकदाही थांबली नाही, शिंगाची धार लागल्यावर थांबता येत नाही तशी. शेवटी म्हणाली, "माती तुझ्या बापाने चांगलीच काढली होती. बिघडवली मी. चकाकीत काही नव्हतं. हिचा हात..." आणि इथे तिने बटाट्यांचं भांडं झिताकडे सरकवलं, "हिचा हात स्वच्छ आहे. आता तू उद्या त्या मुकादमाला काय सांगायचं ते सांग."

ब्रुनो उठला. खुर्ची मागे पडली ती त्याने उचललीसुद्धा नाही. दार आपटलं. सूप निवत होतं.

"गेला," ट्रुडा म्हणाली. "आजच निघाला वाटतं. बघ, पेटी घेतली का?"

"अंगणात आहे."

"अंगणात काय करतोय?"

उत्तर बाहेरूनच आलं. लोखंड मातीत शिरल्याचा आवाज, मग ढेकळं ढकलगाडीच्या पत्र्यावर धडाधड पडल्याचा.

"रविवारी!" ट्रुडा उभी राहिली. "अगं बाई, रविवारी! पाद्रीबुवांना संध्याकाळच्या आत कळेल."

"हाक मारू का त्याला?"

ट्रुडाने चर्चचा चांगला कोट खुंटीवरच ठेवला, गाई पिळायचा घातला आणि बाहेर गेली. झिता तिच्या मागून निघाली. ब्रुनो कोट काढून घामाघूम झाला होता. कोठीच्या दारापासून अंगणाच्या मोकळ्या कोपऱ्यापर्यंत चाकाची ओली रेघ उठली होती.

"इस्टरपर्यंत चाकावर चढवायला काही नाही," तो आईकडे न बघता म्हणाला. "तोवर मी गोदीत जाईन. शनिवार-रविवार घरी. उद्या मुकादमाला तेवढंच सांगतो, इस्टरपर्यंत."

"आणि इस्टरनंतर?"

"नंतर माती तयार असेल ना? थर उंच लावू नका, पसरून लावा. खालपर्यंत गोठली पाहिजे."

"नक्की येशील? आता असं म्हणतोस, तिकडे पगार बघितलास की..."

"मेमका!" झिता म्हणाली.

"बरं, बरं. मी विचारत नाही."

ट्रुडाने गुडघ्यावर बसून ढेकळं हातांनी पसरायला घेतली. एका ढेकळाची तुळतुळीत बाजू वर आली. ती तिने अंगठ्याने एकदा चोळली आणि मग आभाळाकडे तोंड करून ठेवून दिली.

कुंपणापलीकडून तपकिरीची मोठी शिंक आली. क्लेमेन्स त्याच्या नव्या ओट्याशी उभा राहून केव्हापासून बघत होता.

"ट्रुडा! अग, आज वार कोणता?"

"रविवार."

"मग हे काय चाललंय? गावाला काय सांगायचं?"

"नुसतं बघायला उभं राहण्यापेक्षा फावडं आण," ती म्हणाली. "आणि येताना दुसरी ढकलगाडी पण. तुमच्या कोठारात आहे, मला माहीत आहे."

क्लेमेन्सने ट्रुडाच्या मातीने भरलेल्या हातांकडे पाहिलं, उघड्या पडलेल्या कोठीकडे पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं. गेलं वर्षभर ही बाई त्याच्याशी धड बोलली नव्हती.

"कशाला?" त्याने डोळे बारीक करून विचारलं. "काय मनात आहे तुझ्या?"

पण तो फावडं आणायला गेला.